विषय : फायरप्लेसची अर्धवट सफाई आणि जांभ्याच्या बांधकामाचे नुकसान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

महाबळेश्वर येथील बंगल्याच्या फायरप्लेसची सफाई आपल्या माणसांनी गेल्या मंगळवारी केली. बिलावर 'धुरांड्यासह संपूर्ण सफाई' असे लिहून 4,500 रुपये घेतले. प्रत्यक्षात फक्त खालची राख उपसली गेली.

धुरांड्याच्या तोंडाची लोखंडी झडप उघडलीच नाही. झडपेमागे धुरांड्याच्या तळाशी कट्टा असतो, वरून पडणारी काजळी तिथेच साठते. झडप ढिली करून आत हात घातला, तर कोपरापर्यंत काजळी, घरट्याच्या काटक्या आणि डांबरासारख्या चकचकीत खपल्या हाती आल्या. ओले लाकूड जळते तेव्हा हा चकचकीत थर धरतो आणि आगीच्या झळीने तोच पेट घेतो. 3 मिलिमीटर जाडी झाली की तो काढायलाच हवा. शिवाय धुरांडे 9 इंची चौकोनी असताना आपल्या माणसांकडे 8 इंची गोल ब्रश होता. त्याने चारही कोपरे तसेच राहतात. आज कागद पेटवून पाहिला, सगळा धूर दिवाणखान्यात आला. अशा अवस्थेत रात्रभर लाकडे जळली, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत कोंडून माणसे दगावू शकतात.

त्याहून मोठे नुकसान ॲसिडचे आहे. काळे डाग जावेत म्हणून फायरप्लेसचे जांभ्या दगडाचे चिरे ॲसिडने धुतले. जुने बांधकाम चुन्यातले आहे आणि ॲसिड चुना खाते. डाव्या बाजूच्या तीन सांध्यांत आता नखाने उकरले तरी भुगा पडतो. जांभा सच्छिद्र, त्यामुळे ॲसिड आत मुरले आहे. कोरडा ब्रश आणि सौम्य साबणाचे पाणी एवढेच पुरे होते.

तरी जाणकार माणूस पाठवून हे काम पुन्हा, विनामूल्य करून द्यावे. खोलीकडची बाजू ताडपत्रीने बंद करून वरून 9 इंची चौकोनी तारेचा ब्रश फिरवावा, कट्टा हाताने साफ करावा, आरसा व बॅटरी लावून आतले फोटो द्यावेत. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच भरावी. मागच्या वेळी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली होती, आणि राखेत निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. चिरे साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, पूर्ण वाळल्यावर सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंट चालणार नाही, ते कडक असल्याने जांभ्याच्या कडा फुटतात.

15 दिवसांत काम झाले नाही, तर सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. बिलाची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत.

आपले,
बंगल्याची देखभाल पाहणारे