मूळ दुखणे कोर्टातल्या विलंबाचे

परदेशी गुंतवणूकदाराने भारताला आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभे केले की आपल्याकडे लगेच सार्वभौमत्वाचा गजर सुरू होतो. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचे प्रकरण यासाठी मुद्दाम आठवावे. कोल इंडियाविरुद्धचा व्यापारी लवाद तिने 2002 मध्ये जिंकला. त्या निवाड्याची अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत नऊ वर्षे रखडली. शेवटी कंपनी भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक करारावर बोट ठेवून थेट सरकारविरुद्ध गेली आणि 2011 मध्ये जिंकली. गंमत म्हणजे, हक्क बजावण्याची परिणामकारक सोय देण्याचे ज्या कलमाने बंधन घातले, ते या करारात नव्हतेच. ते कुवेतशी झालेल्या करारात होते. दुसऱ्या देशाच्या गुंतवणूकदाराला दिलेली सवलत आपल्यालाही मिळावी, असे सांगणाऱ्या ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ तरतुदीच्या आधारे ते उसने घेतले गेले.

यावर आपण काय केले? पुढच्या गुंतवणूक करारांसाठी साचा म्हणून केलेल्या नव्या नमुना करारातून ती तरतूद वगळली, ते समजण्यासारखे आहे. पण लवादाकडे जाण्याआधी गुंतवणूकदाराने पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी, अशी अटही घातली. ज्या विलंबापायी हरलो, त्याच रांगेत आधी उभे राहा, असेच हे झाले! संयुक्त अरब अमिरातीशी 2024 मध्ये केलेल्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आणावी लागली. व्होडाफोन आणि केर्न या परदेशी कंपन्यांनी भारताविरुद्ध लवादात नेलेल्या प्रकरणांत बोट पूर्वलक्षी कराकडे, म्हणजे जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेल्या कराकडे होते, तो 2021 मध्ये कायदा बदलून मागे घेतला. व्यापारी न्यायालयांतल्या रिकाम्या जागा भरण्याला मात्र तशी घाई दिसत नाही.

– एक वाचक, ठाणे