पहिल्या सोनोग्राफीआधी बाईशी बोला : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. दिवस गेलेल्या बाईला पहिल्या सोनोग्राफीला पाठवताना आपण तिला तारीख देतो, आधार कार्ड ने म्हणतो, भरपूर पाणी पिऊन जा म्हणतो. आत काय होणार, हे मात्र सांगत नाही. ते सांगणं खात्याने कामाचा भाग करावं, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भ इतका लहान असतो की पोटावरून तो नीट दिसेलच असं नाही. मग डॉक्टर लघवी करून यायला सांगतात आणि योनीमार्गातून तपासतात. तासभर लघवी धरून बसलेल्या पोरीला हे टेबलावर गेल्यावर कळतं. ती अंग चोरते, रडते आणि बाहेर येऊन विचारते, "बाई, यानं पोटातलं पडणार नाही ना?" नाही पडत. आत घालायच्या बारीक दांडीवर (प्रोबवर) निरोध चढवलेला असतो, थोडा दाब जाणवतो, आणि चित्र उमटतं ते ध्वनिलहरींनी, क्ष-किरणांनी नव्हे. नको वाटलं तर ती नाही म्हणू शकते, सोबत बाई थांबवा म्हणू शकते. हे तिला घरी, चहा पिताना कुणी सांगितलं असतं तर?

त्याहून वाईट हाल होतात ते 'दोन आठवड्यांनी परत या' या एका वाक्याने. पाळी अनियमित असेल, तर आपण धरलेले आठवडे चुकलेले असतात. गर्भाभोवतीची थैली दिसते, हृदयाचा ठोका दिसत नाही. याचा अर्थ 'अजून लवकर आहे' एवढाच असू शकतो. आतून केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोका नसेल, तर गर्भ वाढत नसल्याचं डॉक्टर धरतात. पण घरी निरोप पोचतो 'मूल खराब आहे' असा, आणि कुणीतरी मेडिकलमधून गोळ्या आणतं. थैली गर्भाशयात दिसलीच नाही, तर मात्र गर्भ नळीत असू शकतो. एका बाजूला कळा, चक्कर, खांदादुखी झाली तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा, हेही तिला तेव्हाच कळायला हवं.

काही ठिकाणी डॉक्टर पडद्याकडे बघत गप्प राहतात आणि विचारलं तर कायद्याकडे बोट दाखवतात. 1994 च्या कायद्याने एकच गोष्ट सांगायला बंदी आहे, मुलगा की मुलगी. तो कायदा हवाच. 1988 मध्ये असा कायदा सर्वांत आधी आपल्याच राज्याने केला, याचा मला अभिमान आहे. पण ठोका आहे का, किती आठवडे झाले, एक आहे की जुळं, हे विचारण्याचा तिला हक्क आहे. या कायद्याखाली सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म 'एफ'वर सही घेताना त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गर्दी असते, तिथे कुणाला वेळ नसतो, हे मी जाणते. म्हणून हे बोलणं आशाताईंच्या गृहभेटीत व्हावं, आणि त्याचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. सोप्या मराठीत एक पान छापा. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीसाठी पावरी, कोरकू, गोंडीत ध्वनिफिती करा. बोलणाऱ्या तिथल्याच बाया असाव्यात. गर्भाच्या मानेमागचा द्राव मोजायच्या, 11 ते 13 आठवड्यांच्या सोनोग्राफीची तारीखही त्याच पानावर लिहायला जागा ठेवा, कारण ती वेळ निघून गेली की ती तपासणी करता येत नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका