पानं विकणाऱ्या आज्यांचं गाव

प्रिय सुमे,

तब्येत बरी आहे, पाठ दुखते अधूनमधून, सोड ते. हे तुलाच कळेल म्हणून लिहितेय. जपानच्या शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु गावाला जाऊन आले. सगळा डोंगर, माणसं दीड हजाराच्या आत, त्यातली निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची. 1955 साली सहा हजारांवर होती गं.

1981 च्या थंडीत इथल्या संत्र्यांच्या बागा मेल्या. मग शेतकी सोसायटीतल्या योकोइशी तोमोजींनी 1986 ला काय सुरू केलं, तर पानं विकायची! मोठ्या हॉटेलात ताट सजवायला ठेवतात ती, मेपलची वगैरे. आज्या टॅबलेटवर ऑर्डर बघतात, विक्रीत आपला नंबर कितवा तेही बघतात. आपली जिजी इथे असती तर पहिला नंबर कुणाला मिळू दिला नसता, दसऱ्याला आंब्याच्या टहाळ्यांवरून बाजारात कशी भांडायची! आणि कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायचा, घंटागाडी नाहीच, आपणच केंद्रावर नेऊन द्यायचा.

एवढं सगळं करूनही माणसं कमीच होतायत, हे काही डोक्यातून जात नाहीये. आज्यांना पैसा मिळाला, मान मिळाला, रोज सकाळी उठायला कारण मिळालं, हे खूपच मोठं आहे, पण त्यांच्यानंतर ती पानं तोडणार कोण? कामिकात्सु ज्या तोकुशिमा प्रांतात आहे, तिथेच नागोरो नावाचं गाव आहे, तिथली शाळा 2012 ला बंद झाली, आता वर्गात कापडी बाहुल्या बसवल्यात. तिकडे मला जाववलं नाही.

गाव टिकवायचं तर तू म्हणायचीस आधी रोजगार आणा, मी म्हणायचे आधी शाळा, आणि त्यावरून मे महिन्यात आपलं बोलणंच बंद झालं होतं, बापूकाकांनी फणस कापून समेट केला. मी अजून शाळेच्याच बाजूने आहे हं! जपानच्याच ओकी बेटांवरच्या आमा गावाने बंद पडायला आलेलं हायस्कूल धरून ठेवलं, बाहेरगावची मुलं शिकायला आणली, त्यांच्यामुळे गावात पुन्हा तरुण पोरं दिसायला लागली. रोजगाराने आहेत ती माणसं टिकतात, पण नवीन माणूस पोरं घेऊन यायचा तर आधी शाळाच विचारणार ना?

तुझ्या बदलीचं काय झालं? ओंकारची दहावी ना यंदा, त्याला फार पिडू नकोस. आणि वाडीच्या शाळेचा पट किती आहे आता, बाईंना विचारून लगेच कळव.

तुझी,
मेधा