मन्यास, ओट्याच्या उंचीबाबत

मन्या,

मोठं होणारे हे, चहा घेऊन बस. माझी शुगर बरीये, आईचा गुडघा तसाच, मंजूची बदली टळली. झालं घरचं.

स्वयंपाकघर फोडतोय. ट्रॉल्या गंजून अडकतात, सिंकखालचं प्लाय हाताने सोलून निघतं, आता पर्याय नाही. तर काल इंटेरियरवाला पोरगा आला, लेझरने पाच मिनिटांत सगळ्या भिंती मोजल्या, आणि मग मला विचारतो, "सर, मॅडम कधी येतात? ओट्याची हाइट घ्यायचीये."

मी त्याच्यासमोर फोडणी करत उभा होतो रे! हातात उलथनं, अंगावर मोहरी उडतीये. म्हणलं माझी घे. तो हसला, त्याला वाटलं सर जोक मारतायत. वर आतून आई, "तो काय, हौशी आहे, तू सूनबाईची घे." हौशी! मंजू सकाळी सातला घर सोडते ते रात्री साडेआठला उगवते, पोळ्यांपासून पंचामृतापर्यंत सगळं मी करतो, आणि मी हौशी.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील काय बायकी रडतोय. तू वातीच्या स्टोव्हपुढे माझ्याशेजारी उकिडवा बसलायस म्हणून तुला. (आणि कुकरचं झाकण तूच वाकवलंस. पक्याचं नाव आजही घेऊ नकोस.)

आता गणित बघ. कोपरात हात वाकवून उभं राहायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच कमी करायचे, तो आपला ओटा. माझं कोपर 45 इंचावर, म्हणजे 40 धर. मंजूचं 38, म्हणजे 33. आत्ताचा आहे 32, म्हणून तर माझी कंबर रोज संध्याकाळी बोलते. बरं 40 चा केला तर त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर, मंजूला आत डोकवायला स्टूल लागेल. आणि गंमत म्हणजे एकट्या माझ्यासाठी केला तरी एकच उंची चुकीचीच, कारण पोळी लाटताना वरून जोर द्यायचा असतो तिथे ओटा खाली हवा, आणि सिंकमध्ये आपण काम करतो ते त्याच्या तळाशी, तो सात-आठ इंच खोल, म्हणजे सिंक वर हवं. पोरग्याला म्हणलं मग दोन उंच्या कर. तर म्हणे, "सर, ग्रॅनाइटला जोड येईल, लुक जातो." लुक म्हणे! मी काय तिथे फोटो काढायला उभा राहणारे?

रात्री झोप नाही म्हणून वाचत बसलो. ते सगळं हाताशी ठेवणारं आटोपशीर किचन आहे ना, त्याचा मूळ नमुना 1926 चा, फ्रँकफर्टचा, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी केलेला. आणि त्यांनीच नंतर सांगून टाकलं की तोवर मी कधी स्वयंपाकच केला नव्हता! आमच्या पोरग्याला निदान परंपरा आहे म्हणायची.

मंजूचं म्हणणं, "तुझ्या मापाचा कर, मी चहापुरती." ऐकायला गोड, पण तिला ही सूट कायमची मिळणार, तीही ग्रॅनाइटमध्ये कोरून, हे तिलाही कळतंय, मलाही. मेव्हणा म्हणतो फ्लॅट विकताना 40 इंची ओटा बघून गिऱ्हाईक पळेल. आईची वेगळीच अट, जुना कडप्पा फेकायचा नाही, बाल्कनीत त्याचा बाक करायचा. त्यावर लिंबाचे पांढरे डाग पडलेत (चुनखडीचाच दगड तो, आंबटाने खातोच), ते तिला चालतात. माझी उंची चालत नाही.

खरं सांगू का, कंबर सहन होते. ते "मॅडम कधी येतात" नाही होत. आता वाटतं 40 चाच करावा, गरज असो नसो. मग वाटतं ह्या वयात दगडाशी कसली ईर्ष्या.

तुझं काय? ईशाची ॲडमिशन झाली का, झाली असेल तर अभिनंदन. नवा बॉस बरा आहे ना. हिवाळ्याचं काही लिहू नकोस, बर्फाचे फोटो खूप झाले.

मुद्द्याचं लिही. तुमच्या अमेरिकेत ओटा सरसकट 36 इंचाचा आणि तू सव्वापाच फूट, म्हणजे माझ्या उलटी शिक्षा. वहिनी म्हणाल्या तू पाटावर उभा राहून लाटतोस. खरंय का? पाय दुखतात का, की सवय होते? पाटाची उंची मोजून पाठव, कारण पाटाने भागत असेल तर ओटा माझ्या मापाचा आणि पाट मंजूला, मिटला प्रश्न. शनिवारी फोडायला येतायत, त्याच्या आत कळव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हसतोस.

तुझा,
बंड्या