मामांच्या खणांना नावं द्यायची आहेत: मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

मामा गेल्यापासून त्यांच्या जुन्या मोटारसायकलींच्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर दोनदाच वर गेलं. पहिल्यांदा ताईंनी, म्हणजे त्यांच्या मुलीनं, काही कागद शोधायला उघडलं. दुसऱ्यांदा आम्ही मंडळाचे पाच जण गेलो. आवराआवर करू, याद्या करू, असं ठरवून गेलो होतो. तासाभरात मुकाट्यानं बाहेर आलो.

आत गेलेल्यांना मागची भिंत आठवत असेल. खालपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येकावर मामांच्या हातचा खडू. 'काळी नॉर्टन'. 'मास्तरांची'. 'बसेल तिथे'. एकावर नुसतं 'हे नाही'. मोटारसायकलचं मॉडेल, साल, पार्टचा नंबर असलं काही नाही. ती यादी मामांच्या डोक्यात होती. तुम्ही काउंटरवर तुटकी वस्तू ठेवायचात, ते चष्मा कपाळावर सारून ती बोटांत फिरवायचे आणि न बघता मागचा खण ओढायचे.

आता तो खण ओढणारं कुणी नाही. भंगारवाल्यानं सगळा माल वजनावर मागितला होता. ताईंनी त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं आणि आम्हाला सांगितलं, वर्षअखेरपर्यंत जागा रिकामी करायची आहे, तोवर काय वाचवता येईल ते वाचवा.

म्हणून हे आवाहन. मामांच्या नावाचा फलक, चौक, करंडक अशा सूचना आल्या. सुचवणाऱ्यांचा मान राखून सांगतो, त्यातलं काही आत्ता करायचं नाही. आधी खण.

सर्वात जास्त गरज माणसांची आहे, आणि तीही ओळखणाऱ्या नजरेची. त्या दिवशी आमच्यातल्या एकानं (नाव सांगत नाही, तो हे वाचतो आहे) एक वाकडा दांडा मोडका समजून भंगाराच्या ढिगात टाकला. तो जावाचा होता. जावाला किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात. आत दाबून वर फिरवला की किक, मारून खाली आणला की गिअर. माहीत नसेल तर तो मोडकाच वाटणार. असे किती दांडे आपण फेकू, याची आम्हाला भीती आहे.

पान्यांचंही तेच. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ या जुन्या गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 साली आट्यांचं माप ठरवून दिलं, ती परंपरा. त्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची म्हणून लिहिलेल्या पान्याचं तोंड भरतं जवळजवळ 13.3 मिलिमीटर. तिथे 13 चा पाना जात नाही आणि 14 चा लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. मामांच्या दुकानात स्क्रू पाना दिसायचा नाही तो याचसाठी. कुणी बाहेरून आणला तर ते तो हातातून काढून घ्यायचे आणि जाताना परत द्यायचे. त्यांचा व्हिटवर्थचा सबंध संच तेलकट कापडात गुंडाळलेला, जसाच्या तसा सापडला आहे. तो विकायचा नाही. मंडळाच्या खोलीत राहील आणि ज्याला लागेल त्यानं तिथे येऊन वापरावा.

मॅग्नेटोचं, म्हणजे इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं, टायमिंग लावताना मामा त्याच्या पॉइंटमध्ये (उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमध्ये) सिगारेटचा पातळ कागद धरायचे. क्रँक हळूहळू फिरवायचा, कागदाला चिमटीत हलका ताण द्यायचा. कागद सुटला तो ठिणगीचा क्षण. स्वतः आयुष्यात सिगारेट ओढली नाही, कागदाचं पाकीट मात्र खिशात कायम. पॉइंटचा गॅप बारा थाऊ (इंचाचे बारा हजारांश), तोही आधी फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, आणि मग 'कानानं'. हे कानाचं आम्हाला कुणालाच जमलेलं नाही. ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी एक दिवस येऊन करून दाखवावं, आम्ही चित्रीकरण करून ठेवू.

त्यांच्या वह्या सतरा आहेत. गाडीगणिक कार्बोरेटरचा जेट, सुईची खाच, कुठला नट कशाने सुटला, सगळं पेन्सिलनं. पानं फिकट होत चालली आहेत. स्कॅनर आणि धीर असलेली दोन माणसं हवीत.

वस्तूंमध्ये झाकणाचे पारदर्शक डबे, चिकटपट्टीची लेबलं, मेणकागद आणि लोखंडी मांडण्या. मेणकागद मुद्दाम मागतोय, बेअरिंग उघडी ठेवली की गंजतात. कॉर्कच्या जुन्या क्लचप्लेटा आणि रबरी सील कुणाकडे पडून असतील तर द्या, दुकानातली रबरं कडक होऊन तडकली आहेत.

येणाऱ्यांना एक ताकीद. जुने ब्रेकशू आणि क्लचप्लेटा असलेल्या खणांवर लाल पट्टी लावली आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. फुंकर मारू नका, हवेचा पाइप लावू नका, घासू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्यानंच पुसा. मामा फुंकायचे, हे माहीत आहे. तरी नको.

पैशांचं थोडक्यात: खोलीचं भाडं आणि मांडण्या एवढ्यासाठीच वर्गणी घेत आहोत. खजिनदारांकडे द्या आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका. हिशेब खोलीच्या दारावर लागेल. मामा स्वतः अर्ध्या गिऱ्हाइकांना बिल द्यायचे नाहीत, ती प्रथा आम्ही चालवणार नाही.

आणि ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला म्हणून अजून दुकानात आहेत त्यांनी कागदपत्रं घेऊन यावं. सहा गाड्या आहेत. एकीचं इंजिन उघडं आहे, पण हेडचे नट क्रमानं पुठ्ठ्यात खोचलेले आहेत. तो पुठ्ठा कुणीही हलवू नये.

दर रविवारी सकाळी शटर उघडं असेल. येताना जुने कपडे घाला. आणि 'मास्तरांची' म्हणजे नेमकी कुणाची गाडी, हे कुणाला ठाऊक असेल तर आधी तेवढं कळवा. भिंतीतला सर्वात मोठा खण तोच आहे.