ऑरेलियाचं दार

तुरिन, रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, एक जुनी गाडी पुन्हा उभी करायला सात महिने कसे लागतात? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

गाडी आहे लान्सिया कंपनीची ऑरेलिया बी-20, 1953 ची दोन दारांची कूपे, 2451 सीसीची. अशा सगळ्या मिळून 4,000 सुद्धा झाल्या नाहीत. व्ही-6 इंजिन, म्हणजे व्ही आकारात सहा सिलिंडरांचं, कारखान्यातून नियमित निघू लागलं ते ऑरेलियापासूनच. गिअरबॉक्स आणि क्लच दोन्ही मागे, डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला, जोडून. आणि स्टीअरिंग उजवीकडे! इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तरी लान्सियाने कित्येक वर्षं तसंच ठेवलं. घाटात रस्त्याची कड ड्रायव्हरला दिसावी म्हणून, असं सांगतात. आत बसले तेव्हा हात आपोआप आपल्या फियाटसारखे पडले.

वेळ खातो तो पत्रा. हिला वेगळी चेसी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पत्रा गंजला की गाडीची ताकदच जाते. खड्ड्यात नुसती लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. सडलेलं कापायचं, नवा पत्रा हाताने वळवायचा, दार लावून फट बघायची, पुन्हा काढायचं. तुम्ही डोळे मिटून तळहात फिरवायचात ना, तसाच मी फिरवते. डोळ्यांना न दिसलेला खोलगट भाग हाताला लागतो.

पण मला जास्त गुंतवलं ते तिच्या इतिहासाने. इटलीत 1927 पासून गाड्यांच्या मालकीची नोंदवही आहे. नंबरावरून जुना उतारा निघतो, अगदी सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखा. कोणी, कधी, कोणाला विकली, सगळं ओळीने. हिचे पाच मालक. लाल रंगाखाली डॅशबोर्डच्या मागे मूळचा निळसर करडा सापडला. मग डाव्या दाराचं अस्तर काढलं, तर आत खडूने लिहिलेला आकडा बाकीच्या भागांशी जुळेना. त्या काळी प्रत्येक दार त्याच बॉडीवर घासून बसवायचे, म्हणजे हे दार दुसऱ्या ऑरेलियाचं. शेजारच्या मडगार्डात पोचा बुजवायला जुनं शिसं भरलेलं आहे. तिथेच कधीतरी मोठी धडक बसली असणार.

नवं दार घडवा, असं मालकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. कुणा कारागिराने दुसऱ्या गाडीचं दार आणून ते इतकं नेमकं बसवलं की आजही फट सारखी आहे. ते फेकायचं कसं? दार ठेवावं आणि फाइलमध्ये स्पष्ट लिहावं, असं मी त्यांना फोटोंसकट कळवलंय. उत्तर यायचंय.

दादा डिसेंबरात येतोय, त्याच्याबरोबर तुमची पत्रा ठोकायची छोटी मोगरी पाठवा. मागच्या मडगार्डाच्या गोलाईला इथली मोठी पडते. आईला नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं.

तुमची,
धाकटी