'वॉशिंग्टन' आडनावाचा धुण्याशी संबंध नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजी आडनावांवर जी लेखमाला सुरू आहे, ती मी पहिल्या भागापासून वाचत आलो आहे. गेल्या रविवारच्या भागात मात्र अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे आडनाव 'वॉशिंग', म्हणजे कपडे धुणे, या शब्दावरून पडले आणि त्यांचे पूर्वज परीट असावेत, असे विधान आहे. परीट असण्यात कमीपणा कसलाच नाही. पण हे विधान केवळ अक्षरांच्या साम्यावर बेतलेले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

वॉशिंग्टन हे मुळात एका गावाचे नाव आहे. ईशान्य इंग्लंडमध्ये, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात, न्यूकॅसल आणि संडरलंड यांच्या जवळ हे गाव आजही आहे. स्थलनामांच्या अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा : 'ह्वॅसा' हे जुन्या इंग्रजीतील एका माणसाचे नाव, 'इंग' म्हणजे त्याची माणसे आणि 'टुन' म्हणजे कुंपण घातलेली शेतवस्ती. आपल्या भाषेत सांगायचे तर ह्वॅसाच्या गोतावळ्याची वाडी. इंग्लंडच्या नकाशावर शेवटी 'टन' असलेली जी असंख्य गावे दिसतात, त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात हाच 'टुन' दडलेला आहे.

गावाचे नाव माणसाला कसे चिकटले, याची नोंद सुदैवाने शिल्लक आहे. विल्यम राजाने १०८६ मध्ये इंग्लंडची जी प्रसिद्ध जमीनपाहणी करविली, तिच्यात डरहॅमचा मुलूख आला नव्हता. पुढे ११८३ मध्ये तेथील बिशप ह्यू याने आपल्या जहागिरीची स्वतंत्र पाहणी करून घेतली. 'बोल्डन बुक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दप्तरात लिहिले आहे की, विल्यम द हर्टबर्न या सरदाराने हर्टबर्न गाव सोडून दिले असून त्याच्या बदल्यात त्याच्याकडे वेसिंग्टन, म्हणजे आजचे वॉशिंग्टन, गाव आहे. चर्च आणि चर्चची जमीन एवढी त्यातून वगळली आहे. त्याने वर्षाला चार पौंड खंड द्यायचा आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे, असा करार होता. गाव बदलले तसे नावही बदलले, आणि हर्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा विल्यम झाला. जमिनीची ही अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेची राजधानी आज कदाचित हर्टबर्न या नावाने ओळखली गेली असती.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. नावातील 'द' हा फ्रेंच शब्द आपल्या 'कर' प्रत्ययाचेच काम करतो. फरक असलाच तर तो काळाचा आहे. त्या वेळी आडनाव अजून घट्ट बसलेले नव्हते, त्यामुळे गाव बदलताच ते सहज बदलता आले. पुढच्या पिढ्यांनी गाव सोडले तेव्हा मात्र ते त्यांच्याबरोबर गेले. मधला 'द' कालांतराने गळून पडला.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे न्यूकॅसलला गेलो असता मी मुद्दाम ते गाव पाहून आलो. चर्चच्या शेजारी 'ओल्ड हॉल' नावाचे वालुकाश्माचे एक बसके, साधे घर आहे. आजची वास्तू बरीचशी सतराव्या शतकातली आहे. पण स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये दगडी कमानींची एक जोडी उभी आहे, ती वॉशिंग्टन घराण्याच्या काळातली. कमानींचा दगड हाताला खरखरीत लागतो. मध्यंतरी या घरात गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती, आणि १९३६ मध्ये ते राहण्यास अयोग्य ठरवून पाडण्याची वेळ आली होती. गावकऱ्यांच्या प्रयत्नांनी ते वाचले.

घराण्याची एक शाखा पश्चिमेकडे वेस्टमोरलंडमध्ये आणि तेथून लँकेशायरमधील वॉर्टनला गेली. वॉर्टनचा लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात वर आला, नॉर्दॅम्प्टनचा महापौर झाला आणि १५३९ मध्ये, आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यानंतर, सल्ग्रेव्हची जमीन त्याने ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला विकत घेतली. त्याच्या वंशातील दुसरा लॉरेन्स एसेक्समध्ये धर्मोपदेशक होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धाच्या धामधुमीत १६४३ मध्ये, तो दारूच्या गुत्त्यांत पडून असतो असा ठपका ठेवून पार्लमेंटच्या पक्षाने त्याला पदावरून काढले. तो राजाच्या बाजूचा होता, हे येथे विसरू नये. त्याचा मुलगा जॉन व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियाला गेला. १६५७ मध्ये ते जहाज पोटोमॅक नदीत रुतून बुडाले आणि जॉन तेथेच राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याचे पणतू. लेखकांनी ज्याला परिटाचा वंश म्हटले, तो वस्तुतः जमीनदार, लोकरीचे व्यापारी आणि पाद्री यांचा आहे.

स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन यांना या वंशावळीचे फारसे अप्रूप नव्हते. इंग्लंडमधील कुलचिन्हांचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी पृच्छा केली, तेव्हा या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे, असे त्यांनी १७९२ मध्ये प्रांजळपणे कळविले होते.

लेखातील दुसरे विधान अधिक दिशाभूल करणारे आहे. आज वॉशिंग्टन आडनाव लावणारे अमेरिकन लोक त्या राष्ट्राध्यक्षांचे वंशज आहेत, असे त्यात म्हटले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य नव्हते. शिवाय २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत या आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे नोंदली गेली आणि त्यांतील दर दहांपैकी नऊ कृष्णवर्णीय होती. त्यांतील अनेकांच्या पूर्वजांनी गुलामगिरीतून सुटल्यावर हे आडनाव घेतले. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे : शाळेत हजेरी घेताना इतर मुले किमान दोन नावे सांगत आणि त्यांना मात्र एकच नाव होते, म्हणून पाळी आल्यावर त्यांनी 'बुकर वॉशिंग्टन' असे ठोकून दिले. त्यांच्या सावत्र वडिलांचे आडनाव फर्ग्युसन होते, वॉशिंग्टन हे तर त्या वडिलांचे पहिले नाव. आईने आपले नाव आधीच 'बुकर टॅलिआफेरो' ठेवले होते, हे त्यांना पुढे कळले आणि मधला 'टी' त्यातून आला. ह्वॅसाच्या वाडीचे नाव व्हर्जिनियात जन्मलेल्या एका मुलाने हजेरीपुरते उचलले. त्यात रक्ताचा धागा शोधणे व्यर्थ आहे.

लेखमालेच्या पुढील भागात 'स्मिथ' आडनाव येणार असल्याचे आपण छापले आहे. ते धंद्यावरूनच पडलेले असल्यामुळे तेथे लोहाराचा उल्लेख खुशाल यावा. वॉशिंग्टनविषयीची दुरुस्ती त्याच भागात, शक्यतो पहिल्या चौकटीत, द्यावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, ठाणे